युद्धाची चाहूल आणि दूरसंचार विलीनीकरण: भाव दिवसांचा लावा

दोन दूरसंचार कंपन्यांचं विलीनीकरण जाहीर होतं, त्याच सुमारास कुठल्या तरी सीमेवर सैन्याची जमवाजमव सुरू होते, आणि विकल्या जाणाऱ्या कंपनीचा शेअर ठरलेल्या किमतीपासून आणखी खाली सरकतो. ५५ डॉलरला विकली जाणारी कंपनी ५३ ऐवजी ५१ ला मिळायला लागते. त्या क्षणी बहुतेक जण विचारतात, ‘युद्ध पेटलं तर सौदा मोडेल का?’ माझ्या मते आधी विचारायला हवं ते हे: ‘युद्ध पेटलं तर सौदा किती दिवस लांबेल, आणि लांबल्यावर मोडलाच तर शेअर कुठे जाऊन पडेल?’ म्हैस पाण्यात असताना मोल करायचं असेल, तर निदान पाणी किती खोल आहे ते तरी मोजावं.

आधी आकडे मांडू. समजा, सौदा पूर्ण रोखीचा आहे, किंमत ५५ डॉलर, घोषणेपूर्वीचा भाव ४० आणि आजचा भाव ५१. घोषणेनंतर याच क्षेत्रातल्या इतर कंपन्या ५ टक्के खाली आल्या असतील, तर सौदा मोडल्यावर शेअर ४० वर नाही, ३८ वर जाईल. जुना ४० हाच तळ धरणं ही नवख्यांची सर्वांत सामान्य चूक. सौदा वर्षभरात पुरा होणार आणि बिनजोखमीचा व्याजदर ४ टक्के असेल, तर वर्षानंतरच्या ५५ डॉलरची आजची किंमत ५२.८८. आता ५१ मधून ३८ वजा करा, १३ उरतात. ५२.८८ मधून ३८ वजा करा, १४.८८ उरतात. १३ भागिले १४.८८ म्हणजे ८७ टक्के. सौदा पुरा होण्याची शक्यता बाजार ८७ टक्के धरतोय, असा याचा अर्थ.

आता युद्धाची चाहूल लागली म्हणून फक्त वेळ वाढवा. बारा महिन्यांचे अठरा करा, बाकी काहीही बदलू नका. दीड वर्षानंतरच्या ५५ ची आजची किंमत साध्या व्याजाने सुमारे ५१.८९ होते. तेच गणित पुन्हा केलं, तर ५१ हा भाव रास्त ठरण्यासाठी ९४ टक्के खात्री लागते. म्हणजे एकही गोळी सुटली नाही, एकाही नियामकाने नकार दिला नाही, आणि तरी याच भावाला शेअर घेणाऱ्याकडे सात टक्के जास्त खात्री असायला हवी.

आता उलट करा. वेळ बारा महिनेच ठेवा, पण बाजार एकंदरीत घसरल्यामुळे मोडल्यावरचा भाव ३८ वरून ३४ वर आणा. उत्तर येतं ९० टक्के. दोन्ही एकत्र केले तर ९५. स्प्रेड, म्हणजे ठरलेली किंमत आणि बाजारभाव यांतला फरक, रुंदावलेला दिसतो आणि स्वस्तात मिळतंय असं वाटतं, पण ते स्वस्त आहे की नाही हे या चार उत्तरांपैकी आपण कुठे उभे आहोत त्यावर ठरतं. मला तर हा छोटा तक्ता रोज सकाळी नव्याने करावा असं वाटतं, कारण मोडल्यावरचा भाव स्थिर नसतो. क्षेत्रातल्या तीन-चार कंपन्यांचा सरासरी बदल घ्या, आणि घोषणेपूर्वीच्या भावाला तोच लावा.

किती शेअर घ्यायचे तेही इथेच ठरतं. जिंकलो तर ४ डॉलर, हरलो तर ५१ वरून ३४, म्हणजे १७ डॉलर. गुंतवलेल्या पैशाचा तिसरा हिस्सा. एका सौद्यात एकूण पैशाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त गमवायचं नसेल, तर त्या सौद्यात दीड टक्क्यापेक्षा जास्त घालता येत नाही. युद्धाच्या काळात तर एकाच कारणाने चार सौदे एकदम लांबतात, त्यामुळे ‘मी पैसे चार ठिकाणी वाटलेत’ हे समाधान फसवं असतं. चारही सौद्यांना एकाच देशाच्या नियामकाची मंजुरी हवी असेल, तर ती चार वेगळी नाही, एकच गुंतवणूक आहे.

मग युद्ध हे कारण देऊन खरेदीदार उठून जाऊ शकतो का? अमेरिकी पद्धतीच्या करारात ‘मोठा प्रतिकूल बदल’ नावाचं कलम असतं, आणि अनेक जण त्याचं फक्त शीर्षक वाचतात. कलमाच्या आतले अपवाद वाचायला हवेत. युद्ध, दहशतवाद, सर्वसाधारण मंदी, व्याजदर, कायद्यातले बदल हे सगळे सहसा त्या कलमातून वगळलेले असतात. म्हणजे या कारणांनी कंपनीचं नुकसान झालं, तरी खरेदीदाराला करार पाळावाच लागतो. मात्र त्या अपवादालाही एक अपवाद असतो: याच क्षेत्रातल्या इतरांपेक्षा या कंपनीला प्रमाणाबाहेर फटका बसला, तर संरक्षण जातं. दूरसंचारात हे शब्द फार महत्त्वाचे, कारण मनोरे, केबल आणि ग्राहक एका ठरावीक भूभागाला बांधलेले असतात. सॉफ्टवेअर कंपनी माणसं दुसऱ्या शहरात हलवते, मोबाइल कंपनीला जाळं हलवता येत नाही. तरीही न्यायालयात हे सिद्ध करणं कठीण असतं. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याच्या न्यायालयाने अशा बदलामुळे खरेदीदार मोकळा झाला असा निकाल पहिल्यांदा दिला तो थेट २०१८ मध्ये, अ‍ॅकॉर्न या औषध कंपनीच्या खटल्यात.

म्हणून कलमापेक्षा कॅलेंडर जास्त सौदे मारतं. प्रत्येक करारात एक अंतिम मुदत असते. ती उलटली की कोणत्याही बाजूला उठून जाता येतं. इंटेलने इस्रायलच्या टॉवर सेमीकंडक्टरला ५३ डॉलर प्रति शेअर दराने, एकूण ५.४ अब्ज डॉलरला घेण्याचा करार जाहीर केला १५ फेब्रुवारी २०२२ ला, युक्रेनवर आक्रमण होण्याच्या नऊ दिवस आधी. सौदा मोडला तो मात्र युद्धामुळे नाही. चीनची मंजुरी मुदतीत आली नाही, ऑगस्ट २०२३ मध्ये करार संपुष्टात आला आणि इंटेलने ३५.३ कोटी डॉलर ब्रेकअप फी भरली. क्वालकॉम आणि एनएक्सपी या चिप कंपन्यांच्या सौद्याचंही असंच झालं. १२७.५० डॉलरचा भाव, बाकी सगळीकडची मंजुरी हातात, आणि अमेरिका-चीन व्यापारी संघर्षाच्या मध्यावर बीजिंगकडून उत्तरच नाही. जुलै २०१८ मध्ये मुदत उलटली आणि क्वालकॉमने २ अब्ज डॉलर देऊन विषय संपवला. नकार देण्याची गरजच पडत नाही, नुसतं गप्प बसलं तरी पुरतं. तणाव वाढला की सरकारांच्या हातातलं सर्वांत स्वस्त हत्यार हेच.

दूरसंचारात ही मौनाची दारं जास्त असतात. अमेरिकेत परदेशी मालकी आली की ‘टीम टेलिकॉम’ म्हणून ओळखली जाणारी समिती बसते. २०२० च्या अध्यक्षीय आदेशाने तिला पहिल्या तपासणीसाठी १२० दिवस आणि गरज पडल्यास पुढचे ९० दिवस दिले आहेत. पण १२० दिवसांचं घड्याळ सुरू होतं ते कंपनीने सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिल्यावर. अर्ज केल्याच्या तारखेपासून दिवस मोजणारे इथेच चुकतात. परकीय गुंतवणूक तपासणारी दुसरी समिती, सिफियस, ४५ अधिक ४५ दिवस घेते, आणि वेळ संपत आली की कंपन्यांनाच अर्ज मागे घेऊन पुन्हा भरायला लावते, म्हणजे घड्याळ शून्यावर. युरोपीय आयोगाचा पहिला टप्पा २५ कामकाजाच्या दिवसांचा, दुसरा ९० चा. तो सुरू होण्यापूर्वीची अनौपचारिक बोलणी मात्र कित्येक महिने चालतात आणि ती कुठल्याच वेळापत्रकात दिसत नाहीत. व्होडाफोन आणि थ्रीचं ब्रिटनमधलं विलीनीकरण जून २०२३ मध्ये जाहीर झालं, स्पर्धा प्राधिकरणाची मंजुरी डिसेंबर २०२४ मध्ये आली आणि सौदा पुरा झाला ३१ मे २०२५ ला. जवळपास दोन वर्षं, आणि त्यात ब्रिटन स्वतः कुठल्याही युद्धात नव्हता.

विलीनीकरणामुळे बाजारातल्या चार मोठ्या कंपन्यांच्या तीन होणार असतील तर आणखी जपून. एटी अँड टी आणि टी-मोबाइल यूएसए यांचा ३९ अब्ज डॉलरचा सौदा मार्च २०११ मध्ये जाहीर झाला आणि डिसेंबरमध्ये सोडून द्यावा लागला. एटी अँड टीला रोख ३ अब्ज डॉलर द्यावे लागले, वर स्पेक्ट्रमही द्यावा लागला. याच टी-मोबाइलने पुढे स्प्रिंटला घेतलं तेव्हा एप्रिल २०१८ मध्ये घोषणा आणि १ एप्रिल २०२० ला पूर्तता झाली. मधल्या काळात कराराची मुदत वाढवत न्यावी लागली, नोव्हेंबर २०१९ नंतर तर कुणीही उठून जाऊ शकत होतं. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यायालयाचा निकाल बाजूने लागला तेव्हा स्प्रिंटचा शेअर एका दिवसात सुमारे ७८ टक्के उसळला. बाजाराने तोवर केवढं अपयश गृहीत धरलं होतं ते त्या एका दिवसात कळलं.

तो सौदा शेअर बदलून होता: एका स्प्रिंट शेअरला ०.१०२५६ टी-मोबाइल शेअर. अशा सौद्यात १,००० स्प्रिंट घेऊन १०३ टी-मोबाइल शॉर्ट केले जातात, म्हणजे उसने घेऊन विकले जातात, म्हणजे बाजार वर गेला काय किंवा खाली गेला काय, हातात फक्त फरक उरतो. कागदावर हे सुरक्षित दिसतं. युद्धाच्या काळात याची खुंटी तीन ठिकाणी निसटते. उसने घेतलेले शेअर मालक परत मागतो. उसनवारीचं व्याज अचानक चढतं. आणि तिसरं सर्वांत वाईट, व्यवहारच थांबतात. फेब्रुवारी २०२२ च्या शेवटी मॉस्कोचा शेअर बाजार बंद झाला आणि न्यूयॉर्कमध्ये रशियन कंपन्यांच्या डिपॉझिटरी रिसीटचे (परदेशी शेअरच्या बदल्यात तिथे विकल्या जाणाऱ्या पावत्यांचे) व्यवहार थांबवले गेले, त्यात मोबाइल टेलिसिस्टिम्स ही दूरसंचार कंपनीही होती. ज्यांची एक बाजू अडकली आणि दुसरी खुली राहिली, त्यांचा हेज, म्हणजे एका बाजूचा तोटा दुसरीने भरून काढण्याची सोय, राहिला नाही, नुसता उघडा सट्टा उरला. दोन्ही बाजूंचे शेअर वेगवेगळ्या देशांच्या बाजारात असतील, तर ही शक्यता आधीच किमतीत धरा.

पैशाचं काय? दूरसंचार कंपन्या कर्जावर चालतात, आणि युद्धाचा खरा मार व्याजातून येतो. एक साधी कंपनी घ्या. व्याज, कर आणि घसाऱ्यापूर्वीचा नफा २०० कोटी, कर्ज त्याच्या पाचपट म्हणजे १,००० कोटी, व्याज ५ टक्के म्हणजे ५० कोटी. जाळ्यावरचा भांडवली खर्च आणि कर मिळून १००. हातात उरतात ५०. आता कर्ज नव्याने उभारताना दर दोन टक्क्यांनी वाढला, की व्याज ७० होतं आणि हातात ३० उरतात. नफ्याच्या ओळीला धक्का नाही, एकही ग्राहक गेला नाही, आणि मोकळी रोकड ४० टक्क्यांनी घटली. म्हणून कर्जाचा आकडा बघून थांबू नका. पुढच्या २४ महिन्यांत किती कर्ज परतफेडीला येतंय, किती बदलत्या दरावर आहे, आणि विलीनीकरणासाठी बँकांनी दिलेलं तात्पुरतं कर्ज रोख्यांमध्ये कधी बदलायचं आहे, या तीन गोष्टी वार्षिक अहवालाच्या टिपांमध्ये सापडतात.

इथे एक दिलासाही आहे. बँकांनी लेखी हमी दिली असेल, तर बाजार बिघडला तरी सौदा पुरा होतो, तोटा बँकांच्या अंगावर पडतो. सिट्रिक्स या सॉफ्टवेअर कंपनीचा सौदा जानेवारी २०२२ च्या शेवटी १०४ डॉलर रोख भावाने ठरला. त्यानंतर युद्ध आलं, व्याजदर चढले, बँकांना ते कर्ज तोट्यात विकावं लागलं. भागधारकांना मात्र सप्टेंबरअखेर पूर्ण १०४ डॉलर मिळाले. हमीपत्रात बँकेला बाजारस्थितीचं कारण देऊन मागे हटता येतं का, एवढी एक ओळ शोधून वाचायला अर्धा तास लागला तरी तो घालवावा.

युद्ध सुरू झालेल्या दिवसाच्या हालचालीला फार अर्थ देऊ नये. १७ जानेवारी १९९१ ला इराकवर हल्ले सुरू झाले त्या दिवशी खनिज तेल सुमारे एक तृतीयांश पडलं आणि अमेरिकी शेअर चढले. २००३ मध्ये बाजाराने तळ गाठला तो इराकवरच्या हल्ल्याच्या सुमारे आठवडाभर आधी. २४ फेब्रुवारी २०२२ ला नॅस्डॅक सकाळी ३ टक्क्यांहून जास्त खाली होता आणि संध्याकाळी ३.३ टक्के वर बंद झाला. पण त्याच नॅस्डॅकने २०२२ हे पूर्ण वर्ष ३३ टक्के घसरणीत संपवलं, आणि त्यामागे मुख्यतः महागाई आणि व्याजदर होते.

प्रत्यक्ष युद्धभूमीत मालमत्ता असेल, तर प्रश्न बदलतात. व्हिऑनचं उदाहरण बारकाईने बघण्यासारखं आहे, कारण एकाच कंपनीकडे रशिया आणि युक्रेन या दोन्ही देशांत मोठी मोबाइल जाळी होती. रशियातला व्यवसाय विकण्याचा करार नोव्हेंबर २०२२ मध्ये झाला, किंमत १३० अब्ज रूबल. पण पैशाचे ट्रक रशियातून बाहेर आले नाहीत. विकल्या जाणाऱ्या कंपनीने व्हिऑनचे कर्जरोखे बाजारातून उचलले आणि मोबदला मुख्यतः त्या रोख्यांच्या रूपाने चुकता झाला. पूर्तता व्हायला ऑक्टोबर २०२३ उजाडला. त्याच महिन्यात युक्रेनच्या न्यायालयाने कीवस्टार या तिथल्या मोबाइल कंपनीमधला व्हिऑनचा ४७.८५ टक्के हिस्सा गोठवला, कारण निर्बंध लागलेले काही रशियन उद्योगपती वरच्या पातळीवर भागधारक होते. तो आदेश उठायला २०२४ ची अखेर आली. डिसेंबर २०२३ मध्ये सायबर हल्ल्याने कीवस्टारचं जाळं बंद पडलं, सुमारे २.४ कोटी ग्राहकांचे फोन मुके झाले. ग्राहकांना दिलेल्या भरपाईचा उत्पन्नावरचा परिणाम कंपनीने सुमारे ३.६ अब्ज ह्रिव्निया सांगितला. म्हणजे मनोऱ्यावर पडणाऱ्या बाँबपेक्षा मालकी, रोकड बाहेर काढण्याची वाट आणि सर्व्हर या तीन गोष्टींनी गुंतवणूकदाराचा घाम काढला.

आणि युद्ध चालू असतानाही विलीनीकरणं होतात. फ्रेंच उद्योगपती झेव्हिअर निएल यांच्या एनजेजे समूहाने युक्रेनमधली लाइफसेल ही मोबाइल कंपनी तुर्कीच्या टर्कसेलकडून घेतली आणि डेटाग्रुप-व्होलिया या फिक्स्ड लाइन कंपनीशी जोडली, सौदा सप्टेंबर २०२४ मध्ये पुरा झाला. त्यासाठीचं ४३.५ कोटी डॉलरचं कर्ज दिलं युरोपच्या पुनर्रचना बँकेने आणि जागतिक बँक समूहाच्या आयएफसीने. अशा ठिकाणचा सौदा तोलताना कर्जदारांच्या यादीत विकास बँकांची नावं आहेत का ते आधी बघा. तिथे फक्त व्यापारी बँका असतील, तर मी ते वेळापत्रक खरं धरत नाही.

सर्वांत कमी बोललं जातं ते जोडणीच्या, म्हणजे सौद्यानंतर दोन जाळी एकत्र करण्याच्या, काळातल्या फटींबद्दल. २४ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे केए-सॅट या उपग्रह इंटरनेट सेवेवर हल्ला झाला. हल्लेखोर व्हीपीएन उपकरणाच्या चुकीच्या सेटिंगमधून व्यवस्थापनाच्या जाळ्यात शिरले आणि हजारो मोडेमना एकदम आदेश सोडून त्यांची मेमरी पुसून टाकली. जर्मनीतल्या सुमारे ५,८०० पवनचक्क्यांची दूरस्थ देखरेख तुटली, सेवेची मालक कंपनी व्हायासॅटला सुमारे ३०,००० मोडेम बदलून पाठवावे लागले. आता मालकी बघा. व्हायासॅटने युटेलसॅटकडून तो व्यवसाय एप्रिल २०२१ मध्ये पूर्ण विकत घेतला होता, पण ग्राहकांच्या बाजूचं जाळं संक्रमण कराराखाली (हस्तांतरणाच्या काळापुरत्या व्यवस्थेत) युटेलसॅटचीच उपकंपनी स्कायलॉजिक चालवत होती. मालक एक, चालक दुसरा. हल्ला झाला तो नेमका याच भागावर.

स्प्रिंट आणि नेक्स्टेलची गोष्ट शांततेच्या काळातली, पण तिचं मूळही जोडणीतच होतं. २००५ मधला सुमारे ३५ अब्ज डॉलरचा सौदा, एकीकडे सीडीएमए, दुसरीकडे आयडेन, एकमेकांशी न जुळणारी दोन जाळी. २००८ च्या सुरुवातीला सुमारे ३० अब्ज डॉलरची मालमत्ता पुस्तकातून पुसावी लागली, आणि आयडेन शेवटी बंद झालं ते जून २०१३ मध्ये. तोवर दुहेरी मनोरे, दुहेरी भाडी आणि दुहेरी वीजबिल. युद्धाने ऊर्जेचे दर चढले की असं दुहेरी जाळं चालवण्याचा प्रत्येक महिना महाग पडतो, आणि ज्या बचतीच्या आकड्यावर सौद्याची किंमत ठरलेली असते ती बचत तेवढीच पुढे सरकते.

त्यामुळे तिमाही निकालानंतरच्या कॉन्फरन्स कॉलमध्ये व्यवस्थापनाला विचारायचे प्रश्न असे: संक्रमण करार किती महिन्यांचा, त्या काळात जाळ्याचा मुख्य प्रवेश कुणाच्या हातात, जुनं जाळं बंद होण्याची तारीख कोणती, बॅटरी आणि डिझेल जनरेटरवर ते किती तास चालतं, आणि विम्यात युद्ध व सरकारपुरस्कृत सायबर हल्ला वगळलेला आहे का. जुनं जाळं बंद करण्याची तारीख त्यांनी महिन्यासकट सांगितली नाही, तर जाहीर केलेल्या बचतीतला पहिल्या दोन वर्षांचा हिस्सा मी शून्य धरून किंमत पुन्हा काढतो.